ओला हात

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! खोली मिळाली, चावी मिळाली आणि कारखान्यात पाऊल टाकल्याबरोबर टोपणनावही मिळालं. गेटवरच्या माणसाने माझं नाव नीट वहीत लिहून घेतलं आणि लगेच आत ओरडून सांगितलं, की सेफ्टीबाई आल्या. झालं! आता खुद्द माझ्या आईने येऊन बारशाचं नाव सांगितलं तरी इथे कोणी ऐकायचं नाही.

संध्याकाळी ताईला फोन केला तर ती हसतच सुटली. म्हणाली, घरात काडी ओढायला घाबरायचीस, आणि तुला ॲसिडवर राखण करायला ठेवलंय? त्या लोकांच्या धाडसाची कमाल आहे. ही वहीसुद्धा तिनेच निघताना हातात कोंबली. रोज लिही आणि खरं लिही, नाहीतर लिहूच नको, असा हुकूम आहे. मोठी बहीण म्हणजे फुकटची हेडमास्तरीण.

खोली छान आहे. खिडकीतून उजेड येतो, नळाला दिवसभर पाणी असतं. आणखी काय हवं माणसाला?

४ मार्च, मंगळवार

आज माझा विभाग पाहिला. इथे लोखंडी पाइपांवर जस्ताचा मुलामा चढवतात. पण आधी पाइपांवरचा गंज काढावा लागतो, आणि त्यासाठी ॲसिडच्या सहा लांबलचक टाक्या आहेत. वास असा की नाकाला वाटावं, कोणी आतून खरवडतंय. टाकीतलं ॲसिड कमकुवत झालं की वरच्या चौथऱ्यावर चढून, नळीने नवं सोडायचं. ते काम गेली बावीस वर्षं एकच गृहस्थ करतात. सगळे त्यांना सावकाशराव म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी तो एकच शब्द. जिना चढताना सावकाश, चहा ओतताना सावकाश. आधी पाणी मग ॲसिड, उलटं केलं की उसळून तोंडावर येतं, हेही त्यांनी मला इतकं सावकाश सांगितलं की मधे मी जांभई दिली. माझं शिक्षण याच विषयातलं, आणि हे मला शिकवणार!

पण त्यांची एक पद्धत मात्र मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. ॲसिड अंगावर उडालं तर धुवायला शॉवर आहे, साखळी ओढली की धो धो पाणी. तो माझ्या केबिनच्या दाराशीच आहे, पण मधे एक जाडजूड खांब. चौथऱ्यावरून शॉवर दिसत नाही, माझ्या केबिनची काच तेवढी दिसते. म्हणून ॲसिड सोडण्याआधी सावकाशराव वरून हाक देतात, "पाणी?" खाली जो असेल त्याने साखळी ओढायची, वाहत्या पाण्याखाली हात धरायचा आणि काचेसमोर येऊन तो ओला हात वर करायचा. हात दिसल्याशिवाय ते नळीच्या कॉकला बोटही लावत नाहीत. मी म्हटलं, नुसतं "आहे" म्हणून ओरडलं तर? तर म्हणाले, बाई, तोंडाने कोणीही आहे म्हणेल, ओला हात कसा खोटं बोलेल?

आजपासून हात वर करायचं काम माझं.

१० मार्च, सोमवार

दर सोमवारी सावकाशरावांचा एक कार्यक्रम असतो. डोळ्यांवर रुमाल बांधून ते चौथऱ्याच्या पायथ्यापासून शॉवरपर्यंत चालत येतात. अठरा पावलं. अठराव्या पावलाला हात वर, की साखळी बरोब्बर मुठीत. आज मी त्यांना चिडवलं, की सर्कशीत का नाही गेलात? रुमाल सोडत म्हणाले, डोळ्यांत गेल्यावर डोळे उघडे राहणार आहेत का?

दुपारी त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या होत्या. इथे सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणते. ठेंगण्या, बोलक्या. मला म्हणाल्या, यांची काळजी आता तुमच्यावर टाकली हं बाई. मी छाती फुगवून म्हटलं, निर्धास्त राहा.

१४ मार्च, शुक्रवार

आज माझं सपशेल लोटांगण! शॉवर ठिबकतो, त्याने दाराशी शेवाळ धरलंय, आणि त्यावरून सेफ्टीबाई सगळ्यांसमोर घसरून पडल्या. हसू दाबून दाबून लोकांचे चेहरे लाल झाले होते. कोपर सुजलंय, पण खरी सूज अब्रूला आली.

शिवाय दिवसातून दोनदा साखळी ओढायची म्हणजे दोनदा बूट भिजणार. बावीस वर्षांत त्या शॉवरची एकदाही गरज पडलेली नाही, हे मी रजिस्टर चाळून पाहिलंय.

१७ मार्च, सोमवार

ठिबकण्यावर उपाय सापडला. केबिनच्या मागे भिंतीला एक लाल चाक आहे, ते फिरवलं की शॉवरचं पाणी बंद. मी स्वतःच बंद केलं. प्लंबर गुरुवारी येऊन वॉशर बदलेल, तोवर ॲसिड भरायच्या वेळी चाक उघडायचं, हात ओला करायचा, पुन्हा बंद. चाक घट्ट आहे, दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. पण फरशी कोरडी ठणठणीत! कारखान्याच्या साहेबांनी येता-जाता पाहिलं आणि छान म्हणाले.

चाकाबद्दल कोणाला सांगितलं नाही. सगळीकडे दवंडी पिटायची काय गरज?

२१ मार्च, शुक्रवार

प्लंबर काल आला नाही, आजही नाही.

एक गोष्ट लिहून टाकते. सकाळी मी अहवाल लिहीत होते, साहेबांना तो लगेच हवा होता. तेवढ्यात वरून "पाणी?" आता उठा, मागे जा, चाकाशी झोंबाझोंबी करा. टेबलावर पाण्याची बाटली होती. तळव्यावर थोडं ओतलं आणि ओला हात काचेसमोर वर केला. सावकाशरावांनी मान डोलावली, ॲसिड सोडलं, खाली उतरले. काय बिघडलं? काही नाही.

दुपारीही तेच केलं. सोमवारी प्लंबर येणारच आहे. तरी त्यांनी मान डोलावली तेव्हा मला उगाच कसंतरी झालं.

२४ मार्च, सोमवार

खरं लिही म्हणाली होती ताई.

सकाळी पावणेअकरा. "पाणी?" मी बाटलीतल्या पाण्याने हात ओला केला आणि वर केला. चाक बंद होतं. मला माहीत होतं की बंद आहे.

नळीचा जोड निसटला. ॲसिड तोंडावरच्या संरक्षक काचेच्या खालून वर उडालं. गळा, तोंड, डोळे. ते ओरडले नाहीत, ओरडताच आलं नाही त्यांना. जिना उतरले आणि चालत आले. पळाले नाहीत. मोजत आले. मी काचेतून पाहिलं, खांबाआड गेले, आणि मग साखळीचा आवाज आला. खट. खट. खट. खट.

मला उठता येईना. किती वेळ, कोण जाणे. मग धावले, चाक उघडलं. दोन वेळा हात सटकले. पाणी आलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसलेले होते आणि एक हात अजून वर साखळीला.

२६ मार्च, बुधवार

सगळे माझं कौतुक करताहेत. पलीकडची माणसं धावत आली तेव्हा पाणी वाहत होतं आणि मी सावकाशरावांना धरून बसले होते. मग त्यांनी आपापसांत जुळवलं, की सावकाशरावांना साखळी सापडली नाही आणि बाईंनी ओढली. साहेब म्हणाले, काय प्रसंगावधान! चौकशीच्या कागदावर तसंच लिहिलंय. मी सही केली.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साहेबांनी खांद्यावर थोपटलं.

काल प्लंबर येऊन वॉशर बदलून गेला. पाच मिनिटांचं काम.

२८ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेले होते. जायचंच नव्हतं, पण सगळे म्हणाले, बाई तुम्ही गेलात तर बरं वाटेल त्यांना.

डोळे गेलेत. तोंडावर सगळं पांढरं गुंडाळलेलं. आवाज म्हणजे नुसता वारा, वहिनी तोंडाशी कान नेऊन ऐकतात आणि सांगतात. मी आलेय कळल्यावर ते बराच वेळ काहीतरी पुटपुटले. वहिनींनी सांगितलं, हे म्हणताहेत, बाईंनी हात दाखवला होता म्हणजे पाणी होतंच. माझंच काहीतरी चुकलं. पण मी अठरा मोजली होती. बाईंना विचार, त्यांनी पाहिलं, अठरा झाली होती ना?

सांगून टाकायचं. इतकंच करायचं होतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, गडबडीत एखादं कमी पडलं असेल.

मग पांघरुणावर त्यांची बोटं हलायला लागली. एक, दोन, तीन. अठरापर्यंत जायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

बावीस वर्षं न चुकलेला माणूस. त्याचं पाऊलसुद्धा मी चोरलं. लाज वाटते मला माझी.

३० मार्च, रविवार

दवाखान्यातून आल्यापासून उजवा हात ओला आहे. आधी वाटलं घाम. पुसला की क्षणभर कोरडा, मग पुन्हा ओला. फक्त तळवा आणि बोटं. डावा हात कोरडा.

भर दुपारी, उजेडात, खोलीत बसले होते. दाराबाहेर पावलं वाजली. सावकाश. मी मोजली नाहीत. मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी अठरा झाली हे कळलं. मग बाथरूममधून, खट. खट.

जाऊन पाहिलं. माझ्या बाथरूममध्ये साखळीच नाही. नळ उघडला, पाणी नाही. अर्ध्या तासाने आलं.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? ताईला फोन केला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला.

२ एप्रिल, बुधवार

सावकाशराव गेले. सकाळी अकराला दहा कमी असताना.

वहिनींनी सांगितलं, शेवटपर्यंत बोटं चालू होती.

३ एप्रिल, गुरुवार

चौथऱ्याच्या पायथ्याशी साहेबांनी पाटी लावलीय. पावलं नीट मोजा, एक चूक जिवावर बेतते. खाली सावकाशराव गेले ती तारीख.

लोक वाचतात आणि हळहळतात. एक जण म्हणाला, आयुष्यभर सावकाश सावकाश केलं आणि ऐन वेळी घाई नडली. मी तिथेच उभी होते.

हात थांबतच नाही. हातमोजा घातला तर तासाभरात बोटं भरून येतात आणि उलटा केला की सांडतं.

७ एप्रिल, सोमवार

नवा माणूस आला. दंडाच्या बेडक्या बघून सगळे त्याला पहिलवान म्हणायला लागलेत. भला आहे. सावकाशरावांची पद्धत तशीच पाळायची, हात दिसल्याशिवाय कॉक उघडणार नाही, म्हणाला. मला म्हणाला, तुमच्यावर भरवसा आहे बाई.

त्याने हाक दिली. मी गेले, साखळी ओढली, पाणी डोळ्यांनी पाहिलं, मगच हात वर केला. चिंब भिजले. बरं वाटलं.

पण आत येऊन बसले, तर हात पुन्हा आपोआप वर. मी केला नव्हता. डाव्या हाताने धरून खाली ओढावा लागला.

८ एप्रिल, मंगळवार

हात चुरचुरतोय. केबिनमध्ये निळा लिटमस कागद असतो, ॲसिड सांडलं का ते पाहायला. एक पट्टी तळव्यावर ठेवली.

लाल.

दुसरी ठेवली. लाल. पुडकं संपेस्तोवर ठेवत गेले.

पाणी नाहीये हे.

९ एप्रिल, बुधवार

वहीला भोकं पडायला लागलीत. जिथे हात टेकतो तिथे कागद पिवळा होतो, मग तपकिरी, मग भोक. २६ तारखेचं पान — सही केली म्हणून लिहिलं होतं त्या ओळीच्या कडेने — गेलं.

चुना, सोडा, साबण, सगळं करून पाहिलं. डॉक्टर म्हणाला, कातडी उत्तम आहे. त्याला हात कोरडा दिसतो. मी त्याच्या टेबलावर हात ठेवला तर म्हणाला, कशाला घाबरता?

सांगायला हवं. वहिनींना. उद्या.

१० एप्रिल, गुरुवार

सांगितलं नाही. दारापर्यंत गेले होते त्यांच्या. आतून चालण्याचा आवाज येत होता. त्यांच्या पायांचा नव्हे, जड बूट. अठरा, आणि थांबला. अठरा, आणि थांबला.

पळाले.

दिवसभर कानात — पाणी? — कोणीच हाक देत नसतं तेव्हाही — आणि हात वर, वर, वर. बसमध्ये सुद्धा. कंडक्टर थांबला, म्हणाला उतरायचंय का?

उद्या वरची पाण्याची मोठी टाकी धुणार आहेत. सकाळपासून शॉवरला पाणी नसेल. म्हणजे ॲसिड भरणं बंद. पहिलवानाला कळवायचं. पहिल्यांदा ते.

११ एप्रिल, शुक्रवार

साडेदहा. केबिन. डाव्या हाताने लिहून पाहिलं, जमत नाही. उजवाच.

आल्या आल्या पहिलवानाला सांगायचं होतं. पण गेटवरच वहिनी उभ्या. हातात सावकाशरावांचे बूट. काल घरात तेच बूट घालून चालत होत्या, सवय करत होत्या. साहेबांची परवानगी घेऊन आल्यात. म्हणाल्या, मला एकदा मोजायचंय.

मोजलं. डोळ्यांवर त्यांचाच रुमाल. पायथ्यापासून. मी इथून, उघड्या दारातून पाहत होते, हात टेबलाच्या कडेला धरून. अठराव्याला थांबल्या. हात वर. साखळी मुठीत.

अठराच.

आता समोर बसल्यात. बूट मांडीवर. रडत नाहीत. म्हणतात, पोचले होते ते, बाई. साखळी हातात होती. मग पाणी का नाही आलं? मी खाली मान घालून लिहितेय. त्यांना वाटतंय, त्यांचंच म्हणणं लिहून घेतेय.

सांगते. आत्ता सांगते. चाक मी बंद —

"पाणी?"

पहिलवान चौथऱ्यावर. त्याला सांगायचं राहिलं. राहिलंच! टाकी रिकामी आहे, वर माणसं झाडू मारताहेत. तो काचेकडे बघतोय. कॉकवर हात.

ओरडले. वर त्याच्या कानाशी वाफ ओढणारे पंखे, त्याला ऐकू जात नाही. मी उठले तर पानावर दाबलेला हात सुटून वर जाईल; वहिनींना म्हटलं धावा, थांबवा त्याला, पाणी नाही. त्या उठत नाहीत. रोखून बघताहेत. म्हणतात, आणि त्या दिवशी? त्या दिवशी होतं ना? तुम्ही हात दाखवला होता.

"पाणी?"

नव्हतं वहिनी. नव्हतं. मनात म्हणतेय, ओठ हलत नाहीत. कागदावर तरी — पाणी नव्ह

इथे जळलं. पुन्हा. पाणी न

पुन्हा जळलं. वहिनी वाकून वाचताहेत, भोकं दिसताहेत फक्त

तिसरी हाक. दोघांना एकच उत्तर द्यायचंय, एक शब्द, नाही, एवढाच — हात पानावरून उचलला जातोय — मी दाबून धरलाय, डाव्याने, सगळा जोर — पहिलवान बघतोय — नको — वर जातोय, देवा, वर जा